नाव ओळखीचं, माणूस दुसराच

"कामात आहेस का? एक छोटं काम होतं. मीटिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही. मेलवरच सांग."

मेल एवढाच. वर नाव तुमच्या साहेबांचं, नाहीतर मंडळाच्या अध्यक्षांचं, कधी जुन्या मैत्रिणीचं. ना लिंक, ना अटॅचमेंट, ना पैशाचा उल्लेख. तुम्ही "हो, बोला ना" लिहून पाठवता आणि थोड्या वेळात दुसरा मेल येतो. भाचीला गिफ्ट कार्ड द्यायचं आहे, पण माझ्या कार्डावरून पैसे जात नाहीयेत. तू घेशील का, संध्याकाळी पैसे देते. कार्डं घ्यायची, मागची पट्टी खरवडायची आणि दिसणाऱ्या आकड्यांचा फोटो मेलवर पाठवायचा. फोटो पोचला की कार्डातली रक्कम काही मिनिटांत वापरली जाते.

अशा पहिल्या मेलला मी स्वतः उत्तर दिलेलं आहे, तेव्हा पुढचं सगळं शहाणपण उशिरा आलेलं आहे हे आधीच सांगून टाकतो. मेल माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या नावाने होता; दुसऱ्या मेलमध्ये त्यांनी मला "प्रिय" म्हटलं तेव्हा मी थांबलो. ओळख झाल्यापासून त्यांनी मला एकदाही "प्रिय" म्हटलेलं नव्हतं.

पहिला मेल इतका त्रोटक असतो तो मुद्दाम. त्यात संशयास्पद काहीच नसल्यामुळे स्पॅम पकडणाऱ्या यंत्रणेच्या हाती काही लागत नाही. शिवाय हजार जणांना पाठवलेल्या मेलला जे दहा जण उत्तर देतात, त्यांच्यावरच पुढची मेहनत घ्यायची असते. म्हणजे तुमचं "हो, बोला ना" हीच त्यांच्या दृष्टीने निवड चाचणी.

मेल कोणाकडून आला, हे कोण ठरवतं?

नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. मेलच्या वर जे नाव दिसतं ते मेल कंपनीने तपासून लावलेलं आहे, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. ते नाव पाठवणारा स्वतः टाइप करतो. नवीन खातं उघडताना नावाच्या रकान्यात कोणाचंही नाव लिहिता येतं, आणि समोरच्याला तेच दिसतं.

याचं मूळ जुनं आहे. नेटवर्कवरून एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर मेल पाठवायला सुरुवात झाली १९७१ मध्ये, आणि आजही ज्या नियमांवर मेलची ने-आण चालते तो एसएमटीपी नावाचा करार १९८२ मध्ये लिहिला गेला. तेव्हा नेटवर्कवर होती ती विद्यापीठं आणि संशोधनसंस्था. बहुतेक सगळे एकमेकांना ओळखणारे. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्या करारात ठेवलेलीच नव्हती. पोस्टाच्या पाकिटामागे पाठवणाऱ्याचं नाव काय लिहिलंय याची पोस्टमन चौकशी करत नाही, तसंच.

पुढे ठिगळं लावली गेली. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशी तीन तपासण्यांची नावं कधी ना कधी तुमच्या कानावर पडतील. मेल ज्या डोमेनचं नाव सांगतो, म्हणजे पत्त्यातल्या अॅट चिन्हानंतरचा भाग, त्या डोमेनच्या परवानगीनेच तो निघाला आहे का, हे त्या बघतात. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या. त्याचा उपयोग झाला, पण तो कुठे संपतो ते नीट समजून घ्या. कोणी जीमेलवर खरंखुरं खातं उघडून त्याला तुमच्या साहेबांचं नाव दिलं, तर त्या तिन्ही तपासण्या तो मेल बिनधास्त पास होतो. मेल जीमेलवरूनच आलेला असतो ना! डोमेन खरं आहे एवढंच यंत्र सांगू शकतं. माणूस खरा आहे की नाही, हे त्याला कळायचं कारण नाही.

तोतयेगिरीचे चार प्रकार आहेत. ते वेगळे ओळखता आले तर पुढे काय करायचं हेही कळतं.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चालणारा प्रकार म्हणजे फक्त नाव चोरणं. वर नाव ओळखीचं, पण खालचा पत्ता भलताच. मोबाइलवर हा प्रकार जास्त खपतो, कारण छोट्या पडद्यावर बहुतेक अॅप फक्त नाव दाखवतात आणि पत्ता आत दडवून ठेवतात.

दुसऱ्या प्रकारात पत्ताही खऱ्यासारखा बनवलेला असतो. इंग्रजी आर आणि एन शेजारी शेजारी आले की घाईत एम वाटतात. एलच्या जागी एकाचा आकडा, ओच्या जागी शून्य. नाव-आडनाव तेच, शेवटी एखादा जास्तीचा अंक. कंपनीच्या डोमेनमध्ये एक आडवी रेघ जास्त, किंवा शेवट वेगळा. रशियन लिपीतला "अ" तर इंग्रजी "ए"सारखा हुबेहूब दिसतो, डोळ्यांना फरक कळणं शक्यच नाही. (जीमेलच्या पत्त्यात मात्र टिंब कुठे आहे याने फरक पडत नाही. टिंब असलेला आणि नसलेला पत्ता एकाच खात्यात जातो, त्यामुळे तेवढ्यावरून कोणावर संशय घेऊ नका.)

तिसऱ्यात खरा पत्ताच खोटा छापलेला असतो. डोमेनच्या मालकाने वरच्या तपासण्या नीट लावलेल्या नसतील तर हे जमतं. तुमच्याच पत्त्यावरून तुम्हालाच आलेला "तुझं खातं माझ्या ताब्यात आहे, पैसे दे" असा धमकीचा मेल बहुधा याच जातीचा. लोक तो बघून हादरतात. प्रत्यक्षात खातं फुटलेलं नसतं, फक्त पाकिटावर तुमचा पत्ता लिहिलेला असतो. या प्रकारात उत्तर खऱ्या माणसाकडे जाऊ नये म्हणून "रिप्लाय-टू"मध्ये, म्हणजे उत्तर कुठे जावं ते सांगणाऱ्या रकान्यात, दुसराच पत्ता घातलेला असतो. रिप्लाय दाबल्यावर "टू"च्या रकान्यात कोणता पत्ता येतो ते बघितलं की चोरी पकडली जाते.

चौथा प्रकार सर्वांत वाईट: खातं खरोखरच दुसऱ्याच्या हातात गेलेलं. पत्ता खरा, तपासण्या पास, मागच्या पत्रव्यवहाराची शेपूटही खाली जोडलेली. चोर जुने मेल वाचतो, तुमचं काय चाललंय ते समजून घेतो आणि चालू संभाषणातच घुसतो. एमोटेट नावाच्या मालवेअरने, म्हणजे संगणकात शिरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, २०१८ नंतर हेच मोठ्या प्रमाणावर केलं. संगणकातले जुने मेल उचलायचे आणि त्याच विषयाला "हे बघून घ्या" म्हणून विषारी फाइल जोडून उत्तर द्यायचं. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून ते जाळं उखडलं, तरी त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा दिसलं. या प्रकारात पत्ता कितीही निरखला तरी काही सापडत नाही, आणि म्हणूनच पुढच्या पायऱ्यांमध्ये सगळा भर पत्त्यावर ठेवलेला नाही.

पायरी १. उत्तर देऊ नका, आधी मागणी शोधा

मेल खरा आहे का, या प्रश्नापासून सुरुवात केली की माणूस लोगो, सही, फोटो यांत अडकतो, आणि ते सगळं नक्कल करता येतं. त्याऐवजी असं विचारा: हा मेल माझ्याकडून नेमकं काय करवून घेऊ बघतोय? पैसे पाठवणं, गिफ्ट कार्ड घेणं, मोबाइलवर आलेला कोड सांगणं, कुठेतरी पासवर्ड टाकणं, फाइल उघडणं, बँक खात्याचा तपशील बदलणं, लोकांची यादी किंवा कागदपत्रं पाठवणं, किंवा नुसता तुमचा मोबाइल नंबर देणं. यांतलं काही असेल तर नाव कोणाचंही असो, पुढच्या पायऱ्या करायच्याच. यांतलं काहीच नसेल, नुसतं "कसा आहेस" असेल, तर निवांत राहा. पण दुसऱ्या मेलवर नजर ठेवा.

मोबाइल नंबर मागणं निरुपद्रवी वाटतं. तो मागतात कारण मेल कंपनीच्या स्पॅम यंत्रणेतून तुम्हाला बाहेर काढून चॅटवर न्यायचं असतं.

मागणीच्या आजूबाजूला दोन गोष्टी हमखास असतात: घाई आणि गुपित. "तासाभरात हवेत." "आईला सांगू नकोस, काळजी करेल." "हा व्यवहार अजून जाहीर झालेला नाही, कोणाशी बोलू नका." तिसरी गोष्टही बहुतेक वेळा असते, ती म्हणजे फोन का करता येणार नाही याचं कारण. मीटिंग, विमान, घसा बसलाय, फोन पाण्यात पडला. तुम्ही विचारायच्या आधीच फोन बंद असल्याचं सांगणारा मेल मी जवळजवळ खोटाच धरतो.

पायरी २. पूर्ण पत्ता उघडा

मोबाइलवर पाठवणाऱ्याच्या नावावर किंवा शेजारच्या छोट्या बाणावर टॅप करा. पूर्ण पत्ता दिसेल. मग तो या माणसाच्या जुन्या मेलमधल्या पत्त्याशी अक्षर अक्षर लावून बघा. आठवणीवर विसंबू नका, जुना मेल शोधून शेजारी ठेवा. "हा माझा नवीन पत्ता" असं मेलमध्येच लिहिलेलं असेल तर तो पुरावा होत नाही.

संगणकावर जीमेल असेल तर मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांत "शो ओरिजिनल" असा पर्याय आहे. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांच्यापुढे पास की फेल ते लिहिलेलं असतं. फेल असेल तर संशय पक्का. पास असेल तर निर्धास्त होऊ नका, कारण वर सांगितलंच.

पायरी ३. कानाने वाचा

पूर्वी सांगायचे, व्याकरण चुकलेलं असेल तर मेल खोटा. २०२२ च्या अखेरीपासून मजकूर लिहून देणारी एआय साधनं कोणाच्याही हाती आली, आणि आता चोरांचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं असतं. शुद्धलेखनावर विसंबायचे दिवस गेले.

मराठी माणसाकडे मात्र एक जास्तीचा कान आहे. आपल्या भाषेत माणसामाणसातलं नातं वाक्यावाक्यात उमटतं. तुम्हाला "अगं" म्हणणारी मैत्रीण एकदम "आपण" म्हणू लागली, नेहमी "सर, जरा बघा" लिहिणारा सहकारी "नमस्कार महोदय" लिहू लागला, किंवा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणारा भाऊ छापील मराठीत पत्र लिहू लागला, तर खटकायला हवं. इंग्रजी मजकूर यंत्रातून मराठीत आणला की आणखी एक गंमत होते. इंग्रजीत "मी अडकलो" आणि "मी अडकले" यांत फरकच नसतो, त्यामुळे आत्या "मी इथे अडकलो आहे, मी हे पैसे उद्या परत करीन, तुझा विश्वासू" असं लिहून जाते. आत्याला विचारा, ती कधी "अडकलो" म्हणाली होती का.

हेही लक्षात ठेवा की कान फक्त संशय देतो, खात्री देत नाही. चोराच्या हाती खातं असेल तर जुने मेल वाचून तो ढब उचलतो. आणि खरा माणूसही घाबरला की वेगळं लिहितो.

पायरी ४. दुसऱ्या वाटेने विचारा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच. वेळ नसेल तर बाकीच्या सोडा आणि एवढी करा.

मेलवरून आलेल्या मागणीची खात्री मेलवर करायची नाही. "खरंच तूच आहेस ना?" असं उत्तरात विचारलं तर उत्तर चोरच देणार, आणि ते "हो" असणार. वाट बदलायची. तुमच्याकडे आधीपासून जपून ठेवलेल्या नंबरावर फोन करा. मेलमध्ये किंवा मेलखालच्या सहीत दिलेला नंबर चालणार नाही; तो चोराचाच असू शकतो. नंबर नसेल तर दोघांच्या ओळखीच्या तिसऱ्या माणसाला विचारा. शेजारच्या खोलीत असेल तर उठून जा.

फोन लागला नाही तर काय? थांबा. इथे बहुतेक जण घसरतात. दोनदा फोन केला, उचलला नाही, म्हणजे खरंच मीटिंगमध्ये असेल, असं मन सांगतं. फोन न लागणं हा मेल खरा असल्याचा पुरावा नाही. खरा माणूस अडचणीत असेल तर तो तुमच्या दोन तास थांबण्याने उद्ध्वस्त होत नाही, आणि व्यवहार इतका नाजूक असेल की दोन तासांत मोडेल, तर तो मेलवर कोणी सोपवत नाही.

लोक फोन करत नाहीत त्याचं खरं कारण संकोच आहे. साहेबांना कसं विचारायचं? मैत्रिणीला वाटेल, पैसे द्यायला नको म्हणून चौकशी करतेय. चोर याच संकोचावर जगतो, म्हणून तो नेहमी तुमच्यापेक्षा वरच्या माणसाचं किंवा ज्याला नाही म्हणता येत नाही अशाचं नाव निवडतो. वाक्य तयार ठेवलं की जड जात नाही: "तुमच्या नावाने एक मेल आलाय, तुम्हीच पाठवलाय का एवढंच विचारायला फोन केला." समोरचा खरा असेल तर "हो" म्हणेल, आणि विषय तिथे संपेल. नसेल तर त्याचं नाव वापरलं जातंय हे त्याला पहिल्यांदा तुमच्याकडून कळेल.

फोन तुम्ही करायचा. तिकडून आलेला फोन चालत नाही, कारण आवाजाचीही नक्कल होते आणि चेहऱ्याचीही. २०२४ च्या सुरुवातीला अरूप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याला मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या नावाने मेल आला. त्याला संशय आलाही होता. मग त्याला व्हिडिओ कॉलवर बोलावलं गेलं, तिथे ओळखीचे सहकारी दिसले, आणि संशय मावळला. ते सगळे चेहरे बनवलेले होते. गेलेली रक्कम सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर. दुसरी वाट त्यानेही धरली होती, फक्त ती वाट चोराने दाखवलेली होती.

पायरी ५. लिंक आणि फाइल

"तुझ्यासोबत एक डॉक्युमेंट शेअर केलंय" असा ओळखीच्या नावाचा मेल येतो, लिंक उघडली की मेलचा पासवर्ड मागणारं पान दिसतं. पान हुबेहूब असतं. इथे पासवर्ड टाकला की तुमचं खातं जातं, आणि पुढच्या आठवड्यात तुमच्या नावाने तुमच्या ओळखीच्यांना मेल जातात. खातं कसं चोरीला जातं याचं बहुतेक वेळा एवढंच उत्तर असतं.

लिंकवरून लॉगिन करू नका. ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करून आपल्या खात्यात जा. खरंच काही शेअर झालं असेल तर तिथे दिसेल. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ते आपोआप भरणारं अॅप, वापरत असाल तर त्याच्याकडे लक्ष द्या. तो पानाचा चेहरा बघत नाही, डोमेन बघतो. नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड आज भरत नसेल तर हाताने टाइप करण्याआधी थांबा.

फाइल न मागता आली असेल तर उघडू नका. कॉम्प्रेस केलेली, त्यावर पासवर्ड असलेली आणि तो पासवर्ड मेलमध्येच दिलेला, अशी असेल तर मुळीच नको. तो पासवर्ड तुमच्या सुरक्षिततेसाठी नसतो, मेल कंपनीच्या यंत्राला आत डोकावता येऊ नये म्हणून असतो.

"आमचं बँक खातं बदललं आहे"

तुम्ही कुठलंही बिल भरत असाल, छोट्या संस्थेचे हिशेब सांभाळत असाल, घराचं काम कंत्राटदाराकडून करून घेत असाल, तर हे एक वाक्य वेगळं लक्षात ठेवा. ओळखीच्या कंत्राटदाराच्या नावाने, खऱ्या बिलासोबत, "यापुढे या नव्या खात्यात भरा" असं येतं. रक्कम बरोबर, काम खरं, फक्त खातं चोराचं. महिन्याने खरा कंत्राटदार पैसे मागतो तेव्हा उलगडा होतो.

इथे मोठे मोठेही फसतात. लिथुआनियातल्या एका माणसाने तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या कंपनीच्या नावाचीच कंपनी लाटव्हियात नोंदवली, आणि २०१३ ते २०१५ या काळात खोटी बिलं आणि मेल पाठवून गुगल आणि फेसबुककडून मिळून १२ कोटी डॉलरच्या वर रक्कम काढली. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात व्यावसायिक मेलच्या तोतयेगिरीच्या २१,४८९ तक्रारी आल्या, नुकसान सुमारे २९० कोटी डॉलर. सरासरी काढून बघा, प्रत्येक तक्रारीमागे सव्वा लाख डॉलरच्या वर.

उपाय कंटाळवाणा आहे: खातं बदलल्याचं फोनवर, जुन्या नंबरावर, ओळखीच्या माणसाकडून ऐकल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, अगदी दहाव्यांदा असलं तरी.

पैसे किंवा पासवर्ड गेलाच असेल तर

स्वतःला शिव्या घालायचं काम उद्यावर टाका, आज वेळ महत्त्वाचा आहे. पैसे बँकेतून गेले असतील तर लगेच बँकेला फोन करा. नंबर कार्डाच्या मागे असतो, सर्च करून मिळालेल्या पहिल्या नंबरावर जाऊ नका, तिथेही तोतये बसलेले असतात. व्यवहार थांबवा किंवा परत मागवा असं स्पष्ट शब्दांत सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत हे झालं तर मिळण्याची आशा असते. गिफ्ट कार्ड असेल तर कार्ड आणि पावती घेऊन ते काढणाऱ्या कंपनीला कळवा. शिल्लक उरली असेल तर गोठवता येते. मग पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार करा. मेल पुसू नका, तोच पुरावा आहे.

पासवर्ड दिला असेल तर तो बदला, आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरलाय तिथेही बदला. फाइल उघडली असेल तर आधी तो संगणक इंटरनेटवरून तोडा आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.

काही दिवसांनी "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा" असा मेल येईल. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. हा दुसरा चोर आहे, किंवा पहिलाच.

तुमच्याच नावाने मेल जात असतील तर

"तुझ्याकडून विचित्र मेल आला" असा फोन आला की आधी विचारा: पत्ता कोणता आहे? पत्ता दुसराच असेल तर तुमचं खातं सुरक्षित आहे, फक्त नाव वापरलं गेलंय. ते थांबवणं तुमच्या हातात फारसं नाही. त्या मेल कंपनीकडे तक्रार करता येते, आणि ओळखीच्यांना सांगता येतं.

पत्ता तुमचाच असेल तर तो नुसता खोटा छापलेला आहे की खातंच गेलंय, हे बघायला "सेंट"मध्ये अनोळखी मेल आहेत का आणि अलीकडे कुठून लॉगिन झालंय ते तपासा. तिथे काही दिसलं नाही तरी पुढचं करून टाका, नुकसान काही नाही. पासवर्ड बदला, बाकी सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. एवढ्यावर बरेच जण थांबतात आणि आठवड्याने पुन्हा तेच होतं, कारण चोराने मागचं दार उघडं ठेवलेलं असतं. सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग बघा: तुमच्या मेलची प्रत कुठे जातेय का? फिल्टर बघा: ठरावीक लोकांचे किंवा "हॅक", "फ्रॉड" असे शब्द असलेले मेल परस्पर कचऱ्यात टाकणारा नियम तुम्ही न लावता लागलेला असतो, म्हणूनच कोणी सावध केलं तरी तुमच्यापर्यंत पोचत नाही. रिप्लाय-टूचा पत्ता बदललाय का, रिकव्हरीचा फोन आणि मेल तुमचेच आहेत का, खात्यात शिरायची परवानगी कोणत्या अनोळखी अॅपला दिली गेलीय, हेही एकेक करून तपासा. कंटाळवाणं आहे, अर्धा तास लागतो, पण हे न करता बदललेला पासवर्ड बिनकामाचा.

मग दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे नुसत्या पासवर्डवर खातं उघडणार नाही. फोनवर येणाऱ्या कोडपेक्षा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन करायची सोय) बरी, कारण खोट्या पानावर कोड टाकून माणूस फसू शकतो, पासकी खऱ्या डोमेनशिवाय चालतच नाही. पण कोडसुद्धा काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा.

घरच्या वडीलधाऱ्यांना हे समजावताना मी वरच्या पायऱ्यांची यादी देत नाही. एवढंच सांगतो: माझ्या नावाने कुणीही पैसे किंवा कोड मागितला, मेलवर, चॅटवर, फोनवर, तर ठेवून द्या आणि मला तुमच्याकडच्या नंबरावर फोन करा; रात्री दोन वाजता केला तरी चालेल. आणि फसलात तर लगेच सांगा, मी रागावणार नाही. ओरडा बसेल या भीतीने दोन दिवस गप्प राहिल्यामुळे जे पैसे परत येऊ शकले असते तेही गेलेले मी पाहिले आहेत.

आमच्या घरात आम्ही एक शब्दही ठरवून ठेवलाय, खात्री करायची वेळ आली तर विचारायला. तो समोरासमोर बसून ठरवला, आणि कुठल्याही मेलमध्ये किंवा चॅटवर लिहायचा नाही असंही तेव्हाच ठरलं. पहिल्याच आठवड्यात एकाने "तो शब्द काय होता रे?" असं मेलवर विचारलं. मी फोन केला, मेल त्यानेच पाठवला होता.